आधी शेपूट लावा, मग कापा: स्वर बदलून अनेकवचन करणारी भाषा कशी घडवावी

गोव्यातल्या आमच्या अंत्रुज महालात जत्रेला नाटक झालं नाही तर जत्रा पुरी झाली असं कोणी मानत नाही. दोन वर्षांमागे गावच्या मंडळाने मोठ्यांच्या नाटकाआधी मुलांचं एक छोटं नाटक ठेवायचं ठरवलं. गोष्ट मांडवी नदीच्या तळाशी राहणाऱ्या लोकांची. त्यांची बोली वेगळी हवी, आणि ती घडवण्याचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण "तू ते व्याकरणाचं काहीबाही वाचत असतोस ना?"

मला हौस अशी की अनेकवचनाला प्रत्यय लावायचाच नाही. इंग्रजीत 'फूट'चं 'फीट' होतं तसा शब्दाच्या पोटातला स्वरच बदलायचा. म्हणून साठ शब्द घेतले आणि मनाला येईल तसे स्वर फिरवले. तिसऱ्या तालमीला दिग्दर्शकांनी वही माझ्या पुढ्यात टाकली. "ही भाषा आहे की पाढे?" मुलांना एकही अनेकवचन लक्षात राहत नव्हतं आणि खरं सांगायचं तर मलाही नाही. सगळं पुसून पुन्हा बसलो. त्या दुसऱ्या बैठकीत जे उमगलं ते इथे पायऱ्यांनी लिहितो. नाटकासाठी, गोष्टीसाठी, खेळासाठी किंवा नुसत्या हौसेसाठी कोणाला भाषा करायची असेल तर त्याचे दोन महिने वाचतील.

लागणारं साहित्य

- दोनशे पानी वही. डावं पान एकवचनाला, उजवं अनेकवचनाला. मधे एक रिकामा रकाना ठेवा, त्याचं काम चौथ्या पायरीत येईल.
- पेन्सिल आणि भरपूर खोडरबर. पेन नको.
- चाळीस नामांची यादी. त्याहून जास्त सुरुवातीला घेऊ नका.
- फोनमधला रेकॉर्डर.
- मराठी आणि कोकणी दोन्ही बोलणारं, लाज न बाळगता हसणारं एक माणूस. हे का लागतं ते सहाव्या पायरीत कळेल.

१. आधी स्वतःच्या तोंडातलं तपासा

'स्वर बदलून अनेकवचन' म्हटलं की लोक थेट इंग्रजीकडे धावतात. आपण दिवसभर तेच करत असतो हे ध्यानात येत नाही. घोडा–घोडे, वाट–वाटा, भिंत–भिंती, घर–घरं, केळं–केळी, पाखरू–पाखरं. मराठीत बहुतेक सगळं काम शेवटचा स्वर करतो. आणि 'देव', 'हात' यांच्यासारखे शब्द काहीच करत नाहीत: एक देव, तेहतीस कोटी देव.

गोव्यात तर शेजारीच दुसरा नमुना ऐकायला मिळतो. आपला बांगडा कोकणीत बांगडो, अनेकवचनी दोन्हीकडे बांगडे. भुरगें–भुरगीं (मूल–मुलं), घर–घरां. पण बायल–बायलो ऐका. घोडो, बांगडो यांत जो 'ओ' एकवचनी पुल्लिंगाची खूण आहे, तोच 'ओ' बायलांत, वाटांत स्त्रीलिंगी अनेकवचनाची खूण होतो. एकाच स्वराने दोन नोकऱ्या केल्या तरी कोणाचं काही अडत नाही, कारण लिंग ठाऊक असतं. हे मनात ठेवा. नवी भाषा करताना 'एक खूण, एक अर्थ' असा हट्ट धरला की ती गणिताच्या पुस्तकासारखी वाटू लागते.

२. तीन जातींतली एक निवडा

पहिली जात शेवटचा स्वर बदलणारी. मराठी, कोकणी, इटालियन (लिब्रो–लिब्री) इथे बसतात. ही सर्वांत सोपी, पण आपल्या कानांना त्यात नवल वाटत नाही.

दुसरी जात पोटातला स्वर बदलणारी. इंग्रजीत थोडे शब्द, जर्मनमध्ये बरेच (आप्फेल म्हणजे सफरचंद, एप्फेल म्हणजे सफरचंदं), आणि वेल्श भाषेत तर रेलचेल: दावाद म्हणजे मेंढी, देवाइद म्हणजे मेंढ्या. ब्रान कावळा, ब्राइन कावळे.

तिसरी जात अरबीची. तिथे व्यंजनांचा सांगाडा तसाच राहतो आणि स्वरांचा अख्खा साचा बदलतो. किताब–कुतुब. देवनागरीत हे फार देखणं दिसतं: अक्षरं तीच, नुसत्या मात्रा हलल्या. ही अनेकवचनं आपल्या घरात कधीच येऊन बसली आहेत, फक्त आपण त्यांना ओळखत नाही. 'हाल'चं अरबी अनेकवचन 'अहवाल'. 'अमीर'चं 'उमरा', त्याचाच आपला उमराव. 'खबर'चं 'अखबार'. आणि माझं आवडतं: 'कायदा'चं अनेकवचन 'कवाइद', ज्याची मराठीत 'कवायत' झाली. शाळेच्या मैदानावर उन्हात हात वर-खाली करणाऱ्या पोरांना कोणी सांगितलंय की ती कायद्यांचं अनेकवचन करताहेत?

नवख्याने तिसऱ्या जातीला हात लावू नये असं माझं स्पष्ट मत आहे. अरबीत असे साचे डझनावारी आहेत आणि कोणत्या शब्दाला कोणता साचा हे बहुतेक वेळा पाठच करावं लागतं. करायचंच असेल तर दोन साचे घ्या आणि थांबा. पुढचं सगळं दुसऱ्या जातीबद्दल आहे.

आणखी एक. भाषा पटकन शिकता यावी हा हेतू असेल तर हा लेख इथेच सोडा. झामेनहोफ यांनी १८८७ साली एस्पेरांतो मांडली तेव्हा अनेकवचनाला एकच प्रत्यय ठेवला, अपवाद शून्य: लिब्रो–लिब्रोय. जगभरच्या लोकांनी शिकावी अशी भाषा तशीच हवी. पोटातला स्वर बदलणारी भाषा हवी असते ती जुनी वाटावी म्हणून.

३. शेपटीची गोष्ट समजून घ्या

इथे घाई करू नका. माझा पहिला प्रयत्न फसला तो ही गोष्ट ठाऊक नव्हती म्हणून.

आता वाचता वाचता मोठ्याने 'ऊ' म्हणा. ओठ गोल, जीभ मागे. मग 'ई' म्हणा. जीभ पुढे सरकते. आता 'मूसी' हा शब्द दहादा भराभर म्हणा. सातव्या-आठव्या वेळी 'मू' म्हणतानाच जीभ पुढच्या 'सी'साठी पुढे सरकू लागते, आणि 'ऊ'मध्ये 'ई'ची छटा येते. आळशी जिभेचा हा खेळ, एवढंच त्यामागचं गुपित.

इंग्रजी आणि जर्मन ज्या जुन्या जर्मानिक भाषेतून आल्या, तिच्यात पायाला 'फोत'सारखा शब्द होता आणि अनेकवचनाला 'फोतिझ'. त्या शेपटीतल्या 'इ'ने पोटातल्या 'ओ'ला पुढे ओढलं, त्याचा हळूहळू 'ए' झाला. मग शेपूट झिजून गळून पडली. जुन्या इंग्रजीत उरलं फोत–फेत. पुढे काही शतकांनी इंग्रजीचे सगळेच दीर्घ स्वर जागचे हलले आणि त्याचं फूट–फीट झालं. गूस–गीस, टूथ–टीथ, माउस–माइस, सगळी याच कुळातली. म्हणजे आज जी खूण दिसते ती आधी खूण नव्हतीच, तो निव्वळ उच्चाराचा परिणाम होता. खरी खूण मेली आणि परिणाम तिच्या जागी बसला.

बरेच शब्द या कुळातून पुढे निसटले. पुस्तकाला तेव्हा 'बोक' आणि पुस्तकांना 'बेच' म्हणत. ते रूप टिकलं असतं तर आज इंग्रजीत दोन पुस्तकांना 'टू बीच' म्हणावं लागलं असतं, आणि गोव्यात पर्यटकांचे फारच हाल झाले असते.

टोल्किन हे ऑक्सफर्डला जुनी इंग्रजी शिकवणारे प्राध्यापक, त्यामुळे हे सगळं त्यांना मुखोद्गत. त्यांनी आपल्या कादंबऱ्यांतल्या एल्फ लोकांसाठी सिंदारिन भाषा घडवली तेव्हा वेल्शचा कान ठेवला आणि तिला आधी एक पूर्वज भाषा दिली. त्या पूर्वजेत अनेकवचनाची 'ई' होती. तिने आधीचे स्वर ओढले आणि ती स्वतः गळाली. अमोन म्हणजे टेकडी, एमिन म्हणजे टेकड्या. ओरोद डोंगर, एरिद डोंगर अनेक. शब्दाच्या दोन्ही भागांतले स्वर हलले आहेत हे पाहा. ओढ शेवटून सुरू होऊन मागे मागे गेली.

आता गोव्यातलाच एक उलटा दाखला. पणजीत फोंताइन्हासला ओळखीच्या एक वयस्क बाई आहेत, १९६१ पूर्वी पोर्तुगीजमधून शाळा शिकलेल्या. त्यांच्याकडे मी पोर्तुगीजचे चार शब्द गिरवायला बसलो होतो. अंडं म्हणजे 'ओवु'. मी बेधडक अनेकवचन केलं, 'ओवुश'. बाईंनी कपाळाला हात लावला. "ओवुश न्हय रे पुता, ऑवुश. तोंड उगड!" एकवचनात मिटलेला 'ओ', अनेकवचनात उघडा 'ऑ'. आपल्याला 'डॉक्टर'मुळे हा 'ऑ' लिहिता येतो, पण पोर्तुगीज लिपीत दोन्हीकडे एकच अक्षर, त्यामुळे पुस्तकात बघून काही कळत नाही. तसंच पोर्कु–पॉर्कुश म्हणजे डुक्कर, ओल्यु–ऑल्युश म्हणजे डोळा.

गंमत अशी की इथे बदललंय ते एकवचन. मूळ स्वर उघडाच होता. एकवचनाच्या शेवटच्या 'उ'ने त्याला वर ओढून मिटवलं, आणि अनेकवचन आपलं जुनं तोंड उघडं ठेवून तसंच राहिलं. म्हणून बघणाऱ्याला वाटतं अनेकवचनाने काहीतरी केलं. आणि सगळेच शब्द असं करत नाहीत. केकला 'बोलु', त्याचं अनेकवचन 'बोलुश', दोन्ही मिटलेलेच. मी तेही 'बॉलुश' म्हणालो तेव्हा बाईंनी दुसरा हातही कपाळाला लावला.

४. शेपूट लावा, स्वर ओढा, शेपूट कापा

आता वहीतला मधला रकाना उघडा. तो मेलेल्या पूर्वज रूपाचा.

माझे नियम तीनच होते. शेपूट 'ई'. तिच्यामुळे 'ऊ'चा 'ई', 'आ'चा 'ए', 'ओ'चाही 'ए'. आणि ओढ शब्दाच्या सुरुवातीपर्यंत जाते. मग वही अशी भरली:

- होडी: दूम → दूमी → दीम
- घर: टाव → टावी → टेव
- मासा: रोम → रोमी → रेम
- माणूस: बालूस → बालूसी → बेलीस
- लाट: शीर → शीरी → शीर

शेवटचा शब्द बघा. पोटात 'ई' आधीच आहे, ओढायला काही उरलंच नाही. शेपूट गेल्यावर एकवचन आणि अनेकवचन एकच. असे शब्द पाहून घाबरू नका आणि त्यांना 'दुरुस्त' करायला जाऊ नका. आपल्या 'देव' आणि 'हात'चं काही अडलेलं नाही. माझ्या चाळिसांत असे सात निघाले आणि त्यांनीच भाषेला हाडामांसाची केली.

सापळा: अपवाद हाताने पेरू नका. "दहा नियमित, दोन अनियमित" असं वाटप केलं की लगेच वास येतो. नियम आंधळेपणाने चालवा. वेडंवाकडं जे निघायचं ते आपोआप निघतं, आणि ते का वेडं आहे हे तुम्हाला सांगता येतं.

५. टकरा मोजा

'आ' आणि 'ओ' दोघांचाही 'ए' होत असेल तर टक्कर ठरलेली. माझ्याकडे दगड 'गोर' आणि नारळ 'गार'. अनेकवचन दोघांचंही 'गेर'. नाटकात एक पात्र ओरडतं, "वरून गेर पडताहेत!" आणि प्रेक्षकांनी समजायचं काय?

तीन उपाय आहेत. एक, चालू द्या: मराठीत परसातल्या केळी म्हणजे झाडं आणि ताटातली केळी म्हणजे फळं, संदर्भाने कळतं. दोन, एक शब्द बदला. तीन, एकाची शेपूट कापू नका, अर्धी ठेवा. जर्मन हे सर्रास करते: हाउस–हॉयझर यात पोटातला स्वरही बदलला आणि मागे प्रत्ययही उरला. मी नारळाला 'गेरी' ठेवलं. चाळिसांत दोन-तीन टकरा चालतात. पाचाच्या वर गेल्या तर स्वरांचे नियम पुन्हा बघा.

६. दोन्ही रूपं मोठ्याने म्हणा, तेही कोणाच्या तरी देखत

एकवचन तपासणं सगळ्यांना सुचतं. अनेकवचन तपासायचं राहून जातं. मी चांदणीला 'शाण' असा छान शब्द केला होता. नायिका आठ वर्षांची. तालमीत ती डोळे वर करून, हात पसरून, अगदी भारावून म्हणाली, "बघा, आकाशभर शेण!" पुढची दहा मिनिटं तालीम बंद. तबलजी तर बाहेर जाऊन हसून आला.

म्हणून साहित्यात ते हसणारं माणूस. प्रत्येक शब्दाची दोन्ही रूपं त्याला ऐकवा, आणि मराठी, कोकणी, हिंदी तिन्हींत काही भलतं निघत नाही ना बघा. रेकॉर्ड करून दुसऱ्या दिवशी ऐका. लिहिलेलं डोळ्यांना साळसूद दिसतं.

७. एकवचनच मूळ कशावरून?

बाजारात कोणी एक सुंगट मागितलेलं ऐकलंय? कोळंबी विकली जाते ती वाट्याने, आणि तोंडात असतं ते अनेकवचन. वेल्शने हे ओळखलंय. तिथे 'प्लांत' म्हणजे मुलं हा मूळ शब्द आणि एका मुलासाठी त्याला प्रत्यय लावून 'प्लेंतिन' करतात. स्वर बदलतो तो एकवचनात. 'आदार' म्हणजे पक्षी अनेक, 'आदेरिन' म्हणजे एक पक्षी.

जे थव्याने, घोसाने, राशीने दिसतं त्याला तुमच्या भाषेतही असं उलटं करून बघा. मी मुंग्या, तांदूळ, केस आणि कोळंबी एवढ्यांना केलं. मुलांनी ते सर्वांत लवकर पचवलं.

८. उरलेली किरकोळ कामं

ही ओढ एकट्या अनेकवचनाची मिरास नाही. जिथे 'इ'ने सुरू होणारा प्रत्यय लागेल तिथे तीच ओढ लागली पाहिजे. इंग्रजीत 'फूड'पासून 'फीड' आणि 'ब्लड'पासून 'ब्लीड' झालं ते याच वाटेने. माझ्याकडे 'वाला' या अर्थी 'इत' होता, म्हणून होडीवाला 'दीमित'. हे केलंत की भाषा एकदम एकजीव वाटू लागते.

विभक्ती कुठे जोडायची ते एकदाच ठरवा. मी बदललेल्या रूपालाच जोडली.

संख्येमागून अनेकवचन हवंच असं नाही. वेल्शमध्ये 'तीन किल्ला' असंच म्हणतात. पाठांतर निम्मं होतं.

पाहुणे शब्द घरचे नियम पाळतातच असं नाही. पोर्तुगीजांबरोबर आलेल्या बटाट्याला आपण बटाटे केलं, काजूला मात्र हात लावला नाही. आपल्या मुंगसावरून इंग्रजीत 'मंगूस' गेला, आणि शेवटी 'गूस' ऐकू येत असूनही त्याचं 'मंगीस' होत नाही, 'मंगूसेस' होतं. 'गूस' तिथला, मुंगूस इथलं. तेव्हा तुमच्या लोकांनी दुसऱ्या कोणाकडून घेतलेले दोन-चार शब्द ठेवा आणि त्यांचे स्वर बदलू नका.

९. वही मिटा आणि बोलायला लावा

चाळीस शब्द झाले की नवा, यादीत नसलेला शब्द द्या आणि अनेकवचन विचारा. समोरच्याने न अडखळता सांगितलं तर काम झालं. अडखळला तर नियम जास्त आहेत, एखादा कमी करा.

आमच्याकडे ही परीक्षा मी घ्यायच्या आधीच होऊन गेली. जत्रेच्या आदल्या दिवशी स्वयंपाकघरात लाडू वळणं चालू होतं. बालूस झालेला पोरगा हात पुढे करून आईला म्हणाला, "दोन लेडी दे." आईला काहीच कळेना. मी वही काढून पडताळून पाहिलं: 'ऊ'चा 'ई', मागच्या 'आ'चा 'ए'. बरोबर होतं. त्याला तीन मिळाले.